चक्कीचा पट्टा, ट्रकचा पट्टा

आमच्या तात्यांच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट चक्कीच्या पट्ट्यानं नेलं. मी तेव्हा बिगरीत असेन. इंजिन कुणी आणलं, वीज कधी आली हे गावात सगळे सांगतात. पट्ट्याचं मात्र कुणी सांगत नाही. खरं म्हणजे इंजिन नुसतं धडधडतं, काम करतो तो पट्टा. म्हणून हे लिहून ठेवतोय.

पट्टा आपल्याकडं इंजिनाच्याही आधीपासून होता. आजीच्या चरख्याला मोठं चाक, बारीक चात आणि दोघांना जोडणारी सुताची माळ असायची. चाक एकदा फिरलं की चात कितीतरी गरगरायची. मोठ्या चाकावरनं लहान चाकावर आलं की वेग वाढतो, हे आजी शाळेत न जाता जाणत होती. पुढं माळेच्या जागी पट्टा आला आणि चाकाला पुली म्हणायला लागले, एवढाच फरक.

आमच्या कोरेगाव तालुक्यात सातारा रोडला कूपरचा कारखाना. तिकडं कुंडलजवळ लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. दोन्हीकडं आधी लोखंडी नांगर झाले आणि पुढं इंजिनं आली. त्यातलंच एक जुनं इंजिन तात्यांनी आणि चुलत्यांनी भागीत आणलं आणि पत्र्याच्या खोपटात चक्की सुरू केली. धुराड्यावरच्या वाटीचं कुक-कुक शिवारात ऐकू आलं की बायका दळणाची पाटी डोक्यावर घ्यायच्या. बहात्तरच्या दुष्काळात तांबडी मिलो त्याच चक्कीत दळली.

चक्कीचा पट्टा कॅनव्हासचा, चार बोटं रुंद, चपटा. जोडावर लोखंडी दात ठोकलेले असायचे. जोड पुलीवरनं गेला की टप्प असा आवाज यायचा. आवाज बदलला की तात्या जेवत्या ताटावरनं उठायचे. चपटा पट्टा पुलीवरनं सुटत कसा नाही, असं मी एकदा विचारलं. त्यांनी इंजिन बंद करून माझा हात पुलीवर फिरवला. पुलीचं पोट मधोमध किंचित फुगीर होतं. पट्टा त्या उंचवट्याकडं आपोआप सरकतो. शेंगा फोडायचं यंत्र उलटं फिरवावं लागायचं, तेव्हा तात्या पट्टा मधे फुलीसारखा पिळून चढवायचे. सरळ पट्ट्यावर दोन्ही चाकं एका दिशेनं फिरतात आणि फुलीच्या पट्ट्यावर उलट दिशेनं. एवढं त्यांचं इंजिनिअरिंग, पण ते पक्कं होतं.

पावसाळ्यात पट्टा ओला व्हायचा, घसरायचा. मग चालत्या पट्ट्याला आतनं राळ लावायची. दळणाला गर्दी, इंजिन बंद करायचा कंटाळा. एका आखाडात राळ लावता लावता जोडाचा दात बोटात अडकला. तात्या सांगायचे, दुखलं नंतर, आधी नुसता टप्प आवाज आला. आसपासच्या गावांत अशी बोटं गेलेली, धोतराचा सोगा ओढला जाऊन माणूस गेलेला, असं प्रत्येक जुन्या चक्कीमागं काहीतरी आहे. गुऱ्हाळावरही तेच.

पुढं विजेची मोटार आली, चक्की दुसऱ्यानं घेतली. मी दहावी झालो, शेतीत पडलो आणि १९८८ साली धाकट्या भावासोबत जुना टाटा बारा-दहा ट्रक घेतला. टेल्कोनं १९५४ साली जर्मनीच्या डेमलर-बेन्झशी करार करून ट्रक काढायला सुरुवात केली, त्याच घराण्यातला आमचा ट्रक. आलं, बटाटा, गूळ भरायचा आणि खंबाटकी चढून पुण्याच्या मार्केट यार्डात पहाटेला पोचायचं.

ट्रकला व्ही-पट्टे होते. हा पट्टा अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या जॉन गेट्सनं १९१७ साली आणला म्हणतात. चपट्या पट्ट्याला लांब अंतर आणि मोठ्या पुल्या लागतात. व्ही-पट्टा पुलीच्या खाचेत पाचरीसारखा रुततो, त्यामुळं लहान जागेतही घसरत नाही. पण तो जाड असतो. बारीक पुलीवर वाकताना तापतो, आणि पाठीकडं तर वाकतच नाही.

भावाचा खांदा धरला, स्टेअरिंग ओढवेना. म्हणून २००३ साली पॉवर स्टेअरिंगचा पंप बसवला आणि त्याला आणखी एक व्ही-पट्टा जोडला. तिथून कटकट सुरू झाली. एक पट्टा ताणला की दुसरा ढिला पडायचा. महिन्याला पट्टा तुटायचा, आणि तोही रात्री, घाटात.

एका गॅरेजवाल्यानं सुचवलं, सगळे काढून एकच नागमोडी पॉली पट्टा टाकू. टाटा आणि कमिन्सनं १९९३ साली एकत्र येऊन जमशेदपूरला इंजिनं काढायला घेतली, त्या इंजिनांना तसाच पट्टा असतो. मोटारगाड्यांत तो अमेरिकेत १९७९ च्या फोर्ड मस्टँगवर आला होता. एका बाजूनं पट्ट्याच्या लांबीभर बारीक धारा, दुसरी बाजू गुळगुळीत. धारा व्ही-पट्ट्यासारख्या पकडतात, अंग चपट्या पट्ट्यासारखं पातळ. तो दोन्ही अंगांनी वाकतो, दोन्ही अंगांनी पुल्या फिरवतो.

भंगारातून स्प्रिंगचा टेन्शनर आणला. हा हात पट्टा सतत ताणून धरतो, नट पिळत बसावं लागत नाही. लेथवर आठ खाचांच्या पुल्या कातून घेतल्या, जाड पत्र्याचे ब्रॅकेट केले. सगळ्या पुल्या एका रेषेत आल्या पाहिजेत, नाहीतर पट्टा कडेनं खातो आणि किंचाळतो. ते दोरी धरून तपासलं. पट्ट्याची लांबीही दोरीनंच मोजली. पाण्याच्या पंपाला पुरता वेढा बसेना, म्हणून गॅरेजवाल्यानं पट्टा पंपाच्या खालून घेतला. म्हणजे पंपाची पुली पट्ट्याच्या गुळगुळीत पाठीवर आली. त्याच पुलीवर पंखा.

ट्रक दारात आणला. तात्या तेव्हा ऐंशीच्या घरात होते. काठी टेकत पुढं आले. इंजिन चालू होतं. त्यांनी जाळीसमोर विडीचा धूर सोडला. धूर आत ओढला जाण्याऐवजी त्यांच्याच तोंडावर आला.

"आरं, पंखा उलटा फिरतुया."

मी म्हणालो, "तात्या, हे नवीन तंत्र हाय. तुमच्या चक्कीसारखं न्हाई."

"पट्ट्याच्या पाठीवर चाक घेतलं म्हंजी फुलीच घातली की रं," एवढं बोलून ते गप्प बसले.

रात्री आलं भरून निघालो. सपाटीला काही कळलं नाही, कारण चालत्या गाडीला वारं समोरून मिळतं. खंबाटकीत गाडी कण्हत चढायला लागली आणि पाण्याचा काटा तांबड्यात गेला. पंखा वारं पुढं फेकत होता आणि उलट फिरणारा पंप पाणी नीट ढकलत नव्हता. अर्ध्या घाटात हेडचं पॅकिंग उडालं. दुसरा ट्रक मिळेपर्यंत उजाडलं, बाजार हुकला. शेजाऱ्यांचा माल होता. त्यांचं नुकसान आम्ही पुढच्या सुगीपर्यंत फेडत होतो.

दोष गॅरेजवाल्याला देऊन मोकळं होता आलं असतं. पण मला सांगणारा माणूस माझ्या दारात उभा होता. मी दहावी शिकलेला आणि ते अंगठा लावणारे, म्हणून मी ऐकलं नाही.

दुसऱ्या खेपेला तात्यांना जीपमध्ये घालून गॅरेजला नेलं. खडूनं त्यांनी फरशीवर गोल काढले, बाण काढले. पंपाला धारांची पुली कातली, पट्टा वरून घेतला आणि वेढा बसायला दोन गुळगुळीत रोलर पाठीवर लावले. इंजिन चालू झालं. तात्यांनी विडी ओढून धूर सोडला. जाळीनं तो आत ओढून घेतला.

"समदं एकाच पट्ट्यावर? एका बैलावर शेत केल्यागत हाय. एक जादा सीटखाली ठेव," ते म्हणाले. मग पट्ट्याकडं बघत विचारलं, "ह्याला जाळी कुठाय?"

गॅरेजवाला हसला. "वर बॉनेट येतंय की, तात्या."

तात्यांनी डावा हात वर केला. तीन बोटांचा. गॅरेजवाल्यानं काही न बोलता सळई कापायला घेतली.

तात्या त्यानंतर तीन वर्षांनी गेले. तो पट्टा घाटात एकदाही तुटला नाही. ट्रक विकताना घेणाऱ्यानं बॉनेट उघडून विचारलं, हा पिंजरा कशाला बसवलाय? म्हटलं, वडिलांनी बसवलाय, काढू नका.