तीन पौंडांचा दाब

चांद्याला राहायला आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास आला. बाबांची गाडी तेव्हा माझ्याकडे येऊन दोनच आठवडे झाले होते. बॉनेट उघडलं. कार्ब्युरेटरच्या अलीकडे, फेंडरच्या आतल्या पत्र्यावर बसवलेल्या एका जस्ती रंगाच्या गोल डबीच्या पोटातून थेंब ठिबकत होता. डबीवर फिरवायची चकती आणि १ ते ६ आकडे. थेंब पत्र्यावरून ओघळून खाली जात होता आणि तिथून जेमतेम वीतभर अंतरावर एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड होता. इंजिन नुकतंच बंद केलेलं, मॅनिफोल्डवर हात धरवत नव्हता.

डबी म्हणजे फ्यूएल प्रेशर रेग्युलेटर. ती का बसवली होती, का फुटली आणि तिच्या जागी नवीन बसवताना काय झालं, हे सांगण्यासाठी बरंच मागे जावं लागतं.

गाडी १९९० सालची प्रीमियर ११८ एनई. तिला स्पोर्ट्‌स कार म्हटलं तर जर्मनीतला माझा चुलतभाऊ हसतो. हसू दे. आपल्याकडे परदेशी गाड्यांवर जबर आयातशुल्क होतं, आणि देशात बनणाऱ्या गाड्यांत स्पोर्ट्‌स कार नावाचा प्रकार जवळजवळ नव्हता. सॅन स्टॉर्म ही फायबरग्लासची छोटी दोन सीटर गाडी आली ती नव्वदच्या दशकाच्या शेवटी. तोवर ज्यांना वेगाची हौस होती त्यांनी घरगुती चारदारी गाड्यांनाच कामाला लावलं. ११८ एनई रॅलीत धावायची ती अशी.

खानदान मात्र तिचं खेळाडूंचं. सांगाडा फियाट १२४ चा. हीच गाडी १९६७ ची ‘युरोपियन कार ऑफ द इयर’. तिच्याच भावंडांपैकी एक म्हणजे पिनिनफारिनाने घडवलेली १२४ स्पायडर, आणि दुसरं, दणकट हाडापेराचं, म्हणजे रशियात तोल्यात्तीला बनलेली पहिली लाडा. स्पेनमध्ये सेआत हीच गाडी बनवत असे. तिथली जुनी अवजारं कुर्ल्याला आली. इंजिन जपानचं, निस्सानचं ए-१२, ११७१ सीसी, म्हणून नावात ‘एनई’: निस्सान इंजिन. याच इंजिनाच्या जोरावर जपानमधल्या टूरिंग कार शर्यतींत सनी नावाच्या किरकोळ दिसणाऱ्या गाडीने भल्याभल्यांना घाम फोडला होता. म्हणजे इटलीचा देह, स्पेनचा साचा, जपानचं काळीज आणि कुर्ल्याचे हात.

कुर्ल्याचा कारखाना वालचंद हिराचंदांचा. सोलापूरच्या या माणसाने जहाज, विमान आणि मोटार तिन्ही देशात बनवायचा ध्यास घेतला. प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना १९४४ ची, आणि पहिली गाडी बाहेर पडली ती स्वातंत्र्याच्या काही महिने आधी, १९४७ च्या मार्चमध्ये. पुढे फियाट ११०० आली, तिची डिलाइट झाली, १९७४ मध्ये ती पद्मिनी झाली. मुंबईच्या टॅक्सीच्या रूपात ती इतकी टिकली की शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली ऑक्टोबर २०२३ मध्ये.

या गाड्यांचा खरा परीक्षक म्हणजे घाट. बोरघाटातून गाडीरस्ता झाला १८३० मध्ये, बैलगाडीच्या हिशेबाने. मोटारी आल्या तेव्हा एक वेगळीच भानगड सुरू झाली. सुरुवातीच्या फोर्ड मॉडेल टी मध्ये पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली असे आणि पेट्रोल इंजिनाकडे नुसत्या उताराने वाहत जाई. पंपच नव्हता. चढ तीव्र असला आणि टाकीत पेट्रोल कमी असलं की इंजिन टाकीपेक्षा वर जाई आणि गाडी उपाशी मरे. यावर लोकांनी शोधलेला उपाय साधा होता: गाडी उलटी फिरवून रिव्हर्समध्ये घाट चढायचा.

पुढच्या पिढीत पंप आला. पद्मिनीत काय किंवा ११८ एनईत काय, तो इंजिनालाच चिकटलेला असतो. कॅमशाफ्टवरचा एक उंचवटा त्याची दांडी हलवतो, आत रबरी पडदा खालीवर होतो, आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून पुढे कार्ब्युरेटरला ढकललं जातं. दाब तीन-चार पौंड. (पौंड म्हणजे दर चौरस इंचाला पौंड, चाकात आपण तीस भरतो तेच एकक.) तीन पौंड किती? छताच्या टाकीतून खालच्या मजल्यावरच्या नळाला जेवढा मिळतो त्याहूनही थोडा कमी, दोन मीटर पाण्याच्या उंचीइतका. आमच्या तालुक्यात तुलना करायची झाली तर मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात सुमारे ५०० मीटर खाली पडतं. तिथला दाब सातशे पौंडांच्या घरात. त्याच दाबासाठी गावं बुडाली, आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांसह मावळे सत्याग्रहाला बसले. तीन पौंडांसाठी कोणी सत्याग्रह करत नाही, पण घाटात गाडी बंद पडली की माणूस हतबल होतो तो तेवढ्याच दाबापायी.

होतं असं, की इंजिनाला चिकटलेला पंप इंजिनाइतकाच तापतो. तो पेट्रोल ओढत असतो, म्हणजे त्याच्या आधीच्या नळीत दाब हवेपेक्षाही कमी. दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो, आणि पेट्रोलमधले हलके घटक तर चाळीस अंशांच्या आसपासही वाफ व्हायला तयार असतात. नळीत वाफेचा बुडबुडा अडकतो. पंप द्रव ढकलू शकतो, वाफेला नुसता दाबत-सोडत बसतो. याला वेपर लॉक म्हणतात. खंडाळ्याच्या चढाला मे महिन्यात बॉनेट वर करून उभ्या असलेल्या फियाटी माझ्या आधीच्या पिढीने शेकड्याने पाहिल्यात. इलाज सर्वांना पाठ होता: ओलं फडकं पंपावर ठेवायचं आणि थांबायचं. बाबांच्या डिकीत त्यासाठी पाण्याची बाटली आणि जुन्या लेंग्याचं फडकं कायम असे. दादरला मामाकडे जाताना एकदा आम्ही अमृतांजन पुलाखाली दीड तास काढला. मी चिक्की खात होतो, त्यामुळे माझी तक्रार नव्हती. आईची होती.

त्यानंतर बाबांनी विजेवर चालणारा पंप बसवला, मागे, टाकीजवळ. विचार अगदी बरोबर होता. पंप मागे, थंड जागी. तो ओढत नाही, ढकलतो. सगळ्या नळीत दाब वाढलेला, म्हणून वाफ होणं अवघड. फक्त तो पंप सहा-सात पौंड देत होता.

कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल भरायचं एक छोटं भांडं असतं. त्यात तरंगता गोळा, म्हणजे फ्लोट. पातळी वाढली की फ्लोट वर येतो आणि एका सुईने पेट्रोलची वाट बंद करतो. संडासच्या फ्लशची टाकी अशीच चालते. सुई बंद ठेवायला फ्लोटचा तरंगण्याचा जोर पुरतो तो तीन-साडेतीन पौंडांपर्यंत. सहा पौंड आले की सुई उचलली जाते, भांडं भरून वाहतं, प्लग काळे पडतात, धूर निघतो. म्हणून मग ती आकड्यांची डबी आली. बाबा भोसरीत टूलरूममध्ये होते, त्यांनी तिचा ब्रॅकेट स्वतः बनवला होता. कडा इतक्या नीट मारलेल्या, की नवीन रेग्युलेटर बसवताना तो बदलायची मला हिंमत झाली नाही.

रेग्युलेटर हे यंत्र तुमच्या स्वयंपाकघरात आहेच. गॅस सिलिंडरवर बसतो तोच. आत एक लवचिक पडदा, एका बाजूला स्प्रिंग, दुसऱ्या बाजूला इंधन. इंधनाचा दाब स्प्रिंगला जिंकला की पडदा सरकून वाट अरुंद करतो. दाब पडला की स्प्रिंग वाट उघडते. ना वीज, ना सेन्सर. मी दिवसभर हिंजवडीत बसून लोड वाढला की सर्व्हर वाढवणारा कोड लिहितो. त्यात लॉग असतात, अलर्ट असतात, रात्री तीनला येणारे फोन असतात. हा पडदा तेच काम गेली वीस-पंचवीस वर्षं मुकाट करत होता.

मग तो आत्ताच का फुटला?

उघडून पाहिला तर पडदा फुगून मऊ झाला होता, कडेला भेग. साध्या नायट्राइल रबराची अशी गत व्हायला म्हातारपण पुरतं. पण टाकीतलंही बदललं होतं. इथेनॉल साध्या रबरात शिरतं आणि त्याला फुगवतं.

इथेनॉलची गोष्ट महाराष्ट्राची घरचीच. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला, पाठोपाठ इतर. साखरेबरोबर मळी आली आणि मळीबरोबर अल्कोहोल. पेट्रोलमध्ये ते मिसळायची कल्पना नवी नव्हती, त्यासाठी १९४८ मध्येच ‘इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट’ झाला होता. गंमत अशी, की हा कायदा २००० मध्ये रद्द झाला आणि लगेच २००१ मध्ये मिश्रणाचे नवे प्रयोग सुरू झाले, त्यातले दोन मिरज आणि मनमाडला. मग ५ टक्के, २०२२ मध्ये १०, २०२३ च्या फेब्रुवारीत ई-२० पेट्रोलची सुरुवात, आणि २०२५ मध्ये देशभर २० टक्के. इथेनॉलचे कारखाने जगभर उभारणाऱ्या पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजची प्रयोगशाळा आमच्याच मुळशीत, उरवड्याला आहे. म्हणजे माझ्या रेग्युलेटरचा मारेकरी आणि मी एकाच तालुक्याचे रहिवासी. राग वगैरे नाही. उसाच्या पट्ट्यातल्या माझ्या मामेभावाच्या घरी या धोरणाने पैसा आला आहे, आणि तेलाच्या आयातीचं बिलही खरंच आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने म्हटलं, की जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग बदलावे लागू शकतात, आणि ते स्वस्त असतात. तेही खरं आहे. भाग बदलावा लागतो हे कळायच्या आधी थेंब मॅनिफोल्डवर पडला नाही, तर. ए-१२ इंजिनात पेट्रोल आत घेणारी आणि धूर बाहेर टाकणारी वाट एकाच बाजूला, एकावर एक आहे. कार्ब्युरेटरशी गळणारं सगळं तापलेल्या लोखंडाकडेच जातं.

नवा रेग्युलेटर फ्लुओरो-रबराच्या पडद्याचा घेतला, इथेनॉलला दाद न देणारा. सोबत दाबमापक गेज आणि त्याच दर्जाची नळी. नळी नाना पेठेत तिसऱ्या दुकानात मिळाली. पहिल्या दोन्ही ठिकाणी ‘चालतंय की हो’ म्हणून साधी नळी हातात दिली होती.

शनिवारी सकाळी घोटावड्याच्या बाजूच्या एका मिस्त्रींकडे गेलो. काम तासाभराचं. पंपाची फ्यूज काढली, इंजिन थंड होऊ दिलं, आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवला. जुनी डबी निघाली. नवीन बाबांच्या ब्रॅकेटवर बसली. पण नळीचं तोंड आत जाईना. तीन आटे फिरलं आणि अडकलं.

मिस्त्रींनी पाना लांब केला. मी म्हटलं, थांबा. रेग्युलेटरचे आटे अमेरिकन पद्धतीचे होते, एनपीटी, इंचात २७, साठ अंशांचे. माझं तोंड बीएसपी, ब्रिटिश, इंचात २८, पंचावन्न अंशांचे. पंचावन्न अंश ठरवले व्हिटवर्थने, १८४१ मध्ये. साठ सेलर्सने, १८६४ मध्ये, मुद्दाम वेगळे. आपल्या नळजोडणीत आजही ब्रिटिश आटेच चालतात. इंग्रज गेले, आटे राहिले. जोर लावला असता तर चौथा आटाही गेला असता, मिस्त्री म्हणाले तसं ‘टेफ्लॉन टेप मारून गप बसला’ असता, आणि सहा महिन्यांनी पुन्हा ठिबकला असता.

“साहेब, मी चाळीस वर्षं असंच बसवतोय,” मिस्त्री म्हणाले.

“पेट्रोलच्या लायनीला?”

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग मुलाला म्हणाले, “चहा सांग रे. आणि तो टेप आत ठेव.”

योग्य जोड पितळेचा होता, तो मागवण्यात आठवडा गेला. पुढच्या शनिवारी बसवला. इंजिन सुरू, गेजवर साडेपाच. वरचा नट सैल केला, स्क्रू अर्धा-पाव आटा करत सोडला, काटा तीनवर आणून नट कसला. दहा मिनिटं प्रत्येक जोडाखाली कागद धरून पाहिला. कोरडा.

एक काम या डबीने होत नाही. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन सुमारे नऊ टक्के जास्त हवं. इंजेक्शनच्या गाडीत हा फरक दाब वाढवून भरता येतो: प्रवाह दाबाच्या वर्गमूळाने वाढतो, म्हणून नऊ टक्क्यांसाठी दाब एकोणीस टक्के वाढवायचा, तीन बारचे साडेतीन. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आधी त्या भांड्यात उतरतं आणि दाब तिथेच संपतो. पुढचं माप ठरवतं जेटचं भोक. ते जेट अजून बदलायचे आहेत. आणि इथेनॉलने आणखी एक जुनी ओळख परत आणली आहे. थोड्या प्रमाणात ते मिसळलं की पेट्रोलची वाफ होण्याची ओढ वाढते. रिफायनरीत मूळ पेट्रोल तसं बनवून हे सांभाळता येतं, पण बाबांनी मागे बसवलेला पंप मी काढणार नाही.

गाडीचं वय मधलं, अडनिडं. व्हिंटेज ठरायला पन्नास वर्षं लागतात, तिला अजून बराच अवकाश. दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करायची. त्याची फी एप्रिल २०२२ मध्ये सहाशेची पाच हजार झाली होती, वर पर्यावरण कर. पुढच्या तपासणीला कोणी बॉनेटखाली वाकून पाहिलं तर तिथे काय दिसेल, याचीही मला काळजी होतीच.

रविवारी बाबांना घेऊन ताम्हिणीला गेलो. पौडच्या पुढे ऊन चढलं, मुळशीच्या कडेने गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. बाबा रस्त्याकडे कमी आणि वायपरजवळ तात्पुरत्या बांधलेल्या गेजकडे जास्त पाहत होते. काटा तीनवर होता. चहाला थांबलो तेव्हा त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, वाकून वास घेतला, ब्रॅकेटवर अंगठा फिरवला.

“हा माझाच ठेवलास?”

“हो.”

“मग वरचा बोल्ट उलटा बसवलायस,” ते म्हणाले आणि डिकीतून पाना आणायला गेले. पान्याबरोबर पाण्याची बाटली आणि फडकंही घेऊन आले.