मुंबईतील ‘तियात्र’ : एक दुर्लक्षित रंगपरंपरा

मराठी रंगभूमीचे इतिहास चाळताना आम्हांस एका गोष्टीचे नेहमी नवल वाटत आले आहे. किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली पुण्यास रंगभूमीवर आले, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी, १७ एप्रिल १८९२ रोजी, मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात कोंकणी ‘तियात्रा’चा पहिला प्रयोग झाला. त्याची दखल मात्र सहसा कोणी घेत नाही.

तो दिवस ईस्टरचा रविवार होता. प्रायश्चित्तकाळाचे चाळीस दिवस संयमात घालविलेल्या समाजाला आनंदाची मोकळीक मिळे ती याच दिवशी. नाटकाचा मुहूर्त चर्चच्या पंचांगाने ठरविला, असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने. कर्ते होते आसगावचे लुकासिन्यू रिबेरो. मुंबईस आलेल्या इटालियन ऑपेरा मंडळीत पडद्यामागची कामे करता करता त्यांना त्या नाट्याची गोडी लागली. मंडळीकडून त्यांनी पोशाख विकत घेतले आणि ‘इटालियन भुरगो’, म्हणजे इटालियन मुलगा, हे नाटक रचले. त्यांचे सहकारी जुआंव आगुश्तीन फेर्नांदिश पुढे ‘पाय तियात्रिस्त’, तियात्राचे जनक, म्हणून मान्यता पावले.

प्रेक्षक कोण होते? बोटीवरचे खलाशी, साहेबांच्या घरचे स्वयंपाकी, आया, बँडवाले. धोबीतलाव व गिरगाव परिसरात त्यांच्या ‘कुडी’ होत्या. गोव्यातील एकेका गावाची एकेक कूड. भिंतीला लागून पत्र्याच्या पेट्या, समोर गावच्या पालक संतांची वेदी, सायंकाळी सर्वांची एकत्र रोझरी. पुढची बोट मिळेपर्यंत खलाशाचे घर हेच. या माणसांना आपल्या बोलीतून रडविणारे व हसविणारे दुसरे काहीच या शहरात नव्हते.

तियात्राची घडण मराठी संगीत नाटकाहून निराळी. आपल्याकडे पद प्रसंगातून उमलते. तियात्रातील बहुतेक ‘कांतारां’चा कथानकाशी संबंधच नसतो. पडदा पडला की गायक पुढे येतो आणि ट्रम्पेट व ड्रमच्या साथीने भाटकाराचा जुलूम, महागाई, पुढारी, प्रसंगी पाद्रीही, यांचा समाचार घेतो. आम्हां पाळकांना हे पुष्कळदा रुचले नाही. कार्निव्हलच्या जुन्या खेळांतील ग्राम्यतेपेक्षा काही सभ्य द्यावे, याच ओढीने ही मंडळी उभी राहिली, हे आमच्यापैकी कित्येकांच्या ध्यानी आले नाही. शिवाय १९०४ साली ‘भाटकारा’ या तियात्रात फेर्नांदिश यांच्या पत्नी रेजिना स्वतः रंगमंचावर उभ्या राहिल्या. बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले ते त्याच्या पुढच्या वर्षी!

आम्हां मराठी कॅथलिकांना जवळचे वाटावे असेही एक नाव आहे. फेर्नांदिश यांनी १८९५ साली लिहिलेले तियात्र ‘कावेलची सुंदरी’. हे कावेल काळबादेवीलगतचे. तेथील जुने ख्रिस्ती रहिवासी कोळी वंशाचे, मराठी बोलणारे. गोव्याचा पाहुणा आपल्या नाटकाची नायिका आमच्या आळीत शोधतो आणि आम्हांस त्याची वार्ताही नसते.

गोव्याच्या चर्चशाळांत सोल्फा व व्हायोलिन शिकलेले अनेक वादक पुढे मुंबईच्या हॉटेलांत आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. चिक चॉकलेट व अँथनी गोन्साल्विस ही त्यांतलीच नावे. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर तियात्राचे केंद्र तिकडे सरकले. इकडे मुंबईत नव्या पिढीची भाषा इंग्रजी झाली. गोव्यात १७ एप्रिल हा तियात्र दिन म्हणून साजरा होतो. मुंबईत गायिली गेलेली कितीतरी कांतारे मात्र कागदावर उतरलीच नाहीत. कावेल, माझगाव, धोबीतलाव येथील वृद्धांच्या ओठी त्यांतील चार ओळी अजून असतील. धर्मग्रामांतील तरुणांनी या सुट्टीत वही घेऊन त्यांच्याकडे जावे.