पैसा होता, औषध नव्हते

इ.स. १९३१ साली लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. पती सर दोराबजी यांच्यापाशी संपत्तीची वाण नव्हती. वाण होती ती औषधाची. या रोगाच्या संशोधनासाठी १९३२ साली मेहेरबाईंच्या स्मरणार्थ न्यास स्थापन झाला, आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळचे टाटा स्मारक रुग्णालय उघडले.

सत्तर वर्षांनी चित्र उलटले. २००१ साली इमॅटिनिब हे औषध अमेरिकेत संमत झाले. 'क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया' नामक रक्ताच्या कर्करोगात पेशींना बेसुमार वाढावयास लावणारे एक सदोष प्रथिन असते. हे औषध नेमके त्यालाच आवर घालते. रोज गोळी घेऊन रुग्ण वर्षानुवर्षे कामधंदा करू लागले. परंतु नोव्हार्टिस कंपनीच्या 'ग्लिवेक' या गोळ्यांचा भारतातील मासिक खर्च सुमारे १,२०,००० रुपये होता. आता औषध होते, पैसा नव्हता.

येथून दोन वाटा फुटल्या. पहिली दानाची. २००२ साली सुरू केलेल्या योजनेतून कंपनीने हजारो गरजूंना औषध विनामूल्य पुरविले. त्याने प्राण वाचले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. दुसरी वाट हक्काची. भारतीय कंपन्यांनी तेच औषध महिना सुमारे ८,००० ते १०,००० रुपयांत उपलब्ध केले. नोव्हार्टिसच्या पेटंटच्या अर्जास मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने हरकत घेतली. जानेवारी २००६मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही निर्वाळा दिला की, ज्ञात औषधाच्या नव्या रूपाने रोगावरील गुण वाढत असल्याचे सिद्ध होत नसेल, तर त्यास पेटंट मिळणार नाही.

दान आणि हक्क यांतील भेद या इतिहासात आम्हांस स्पष्ट दिसतो. दाता उद्या हात आखडता घेऊ शकतो. हक्क असलेल्याला कोणापुढे पदर पसरावा लागत नाही.

तथापि स्वस्त गोळीने काम संपत नाही. ती खंड न पडता घ्यावी लागते आणि रोग काबूत आहे की नाही, हे पाहण्यासाठी वेळोवेळी रक्त तपासावे लागते. डहाणूच्या पाड्यावरील मजुराला त्यासाठी परळ गाठायचे तर गाडीभाडे व बुडणारी मजुरी यांचा हिशेब आधी करावा लागतो. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा परगावच्या रुग्णांना आसरा देते, हे मोठेच कार्य आहे. परंतु तपासणी आणि गोळी त्याच्या तालुक्याच्या रुग्णालयातच मिळावी, यासाठी झटणे आता आपणां सर्वांकडे आले आहे.