गादीतला गर आणि दुखरी नस

कंबरेतून पायात कळ उतरली की ‘नस दबली’ हे निदान आज रुग्णच डॉक्टरांच्या आधी करतो. या समजुतीला शास्त्राचा आधार मिळाला तो बोस्टनमध्ये. मिक्सटर आणि बार या शल्यविशारदांनी १९३४ साली दाखवून दिले की मणक्यांमधली गादी फुटून नसेच्या मुळावर येते आणि ती काढली की सायटिका बरी होते. त्याआधी असे तुकडे सापडले तर त्यांना कूर्चेची गाठ समजत. शोध मोठाच होता, पण तो इतका पटला की निव्वळ दाबाने नस दुखते का, हे विचारायचे बराच काळ राहून गेले. खरे तर शंकेला जागा होती. निरोगी नस दाबली की बहुधा मुंग्या येतात, बधिरपणा येतो. तशी कळ क्वचितच उठते. पुढे एमआरआय आला आणि पंचाईत वाढली: १९९४ च्या एका अमेरिकी अभ्यासात पाठदुखी नसलेल्या ९८ जणांपैकी ५२ टक्क्यांची किमान एक गादी फुगलेली निघाली.

उत्तराची दिशा स्वीडनमध्ये सापडली. ओल्मार्कर आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली डुकराच्या गादीतला मऊ गर काढून त्याच जनावराच्या नसांच्या मुळांवर नुसता ठेवला. दाब दिलाच नाही, तरी नसेतून संदेश जाण्याचा वेग काही दिवसांत घटला. तुलनेसाठी चरबी ठेवली होती, तिने तसे झाले नाही. १९९८ मध्ये त्या गराच्या पेशींत टीएनएफ-अल्फा हा दाह पेटवणारा रेणू सापडला. गंमत म्हणजे १७६४ साली नेपल्सच्या कोतुन्योने सायटिकेचा दोष नसेच्या वेष्टनात साचलेल्या तीक्ष्ण द्रवालाच दिला होता. पुरावा तोकडा होता, रोख मात्र योग्य.

यावर कुणी म्हणेल, गादी काढल्यावर कळ थांबते, मग दाबच खरा. पण शस्त्रक्रियेत दाब आणि रसायनाचा उगम दोन्ही एकदमच जातात, तेव्हा त्यावरून निवाडा होत नाही. दुसरा आक्षेप जड आहे. टीएनएफ रोखणारे इन्फ्लिक्सिमॅब हे औषध फिनलंडमध्ये आधी मोजक्या रुग्णांना गुणकारी वाटले. २००५ च्या ४० रुग्णांच्या चाचणीत मात्र ते सलाइनपेक्षा सरस ठरले नाही. याने रसायनाची बाजू पडत नाही, एकाच रेणूवर भिस्त ठेवणे मात्र चुकीचे ठरते. त्या गराभोवती इंटरल्यूकिन-६, फॉस्फोलिपेज ए-२ असे दाहाचे इतर रेणूही आहेत, शिवाय दाबही आहेच. आधी चिडलेली नस मग थोड्या दाबानेही ठणकते.