पूल सगळ्यांना दिसतो, नाव मात्र तरीचं

आज वेल्समधलं एक छोटंसं गाव. नकाशावर इंग्रजी नाव दिसेल मेनाय ब्रिज. वेल्श नाव पोर्थएथ्वी, आणि गावकरी म्हणतात नुसतं ‘बोर्थ’. यातल्या ‘पोर्थ’चा अर्थ इथे तर, म्हणजे होडीने पलीकडे जायची जागा.

गाव अँगलसी बेटावर आहे. बेट आणि मुख्य भूमीच्या मधे मेनायची सामुद्रधुनी. दिसायला अरुंद, पण भयंकर फसवी, कारण भरती दोन्ही तोंडांनी आत शिरते आणि प्रवाह कधी कुठे फिरेल नेम नाही. 1785 च्या डिसेंबरात दक्षिण टोकाला एक तर वाळूत रुतली, पाणी भरलं. पन्नासहून जास्त माणसं गेली, वाचला एकच. गुरांना तर होडीही नाही! बाजाराला न्यायची गुरं सरळ पाण्यात घालायचे, पोहत पलीकडे. काही वाहून जायची.

इतकं सगळं होऊनही पूल बांधला गेला तो या लोकांसाठी नाहीच. 1801 पासून आयर्लंडचे खासदार लंडनच्या पार्लमेंटात बसू लागले. डब्लिनहून जहाज यायचं होलीहेडला, म्हणजे बेटाच्या पलीकडच्या टोकाला. खासदार आणि टपाल अडायला लागल्यावर मात्र पैसा निघाला. अशी कामं कुणामुळे पटकन मंजूर होतात, हे तुम्हाला सांगायला नको.

काम थॉमस टेलफर्डकडे आलं. 1819 मध्ये सुरुवात. नौदलाची अट होती की शिडाची जहाजं खालून जायला हवीत, म्हणून 100 फूट उंची. मग खांबांमधे 579 फुटांचा रस्ता लोखंडी साखळ्यांना टांगायचा ठरला. 26 एप्रिल 1825 ला पहिली साखळी तराफ्यावरून आणली आणि दीडशे माणसांनी ओढून वर चढवली. क्रेन वगैरे काही नाही, बरं का! 30 जानेवारी 1826 ला पूल खुला झाला. तरीचा धंदा बसला, गाव मात्र वाढत गेलं.

आमच्या भाषेत हा सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. खरं तर 1850 पासून शेजारी दुसरा पूल आहे, पण गावातल्या दुकानांचं गिऱ्हाईक येतं ते याच पुलावरून. ऑक्टोबर 2022 मध्ये रस्ता तोलणाऱ्या लोखंडी दांड्यांमध्ये धोका आढळला आणि पूल अचानक बंद केला. फेब्रुवारीपर्यंत बंदच. दुकानदारांचे ते महिने फार वाईट गेले.

गावची जत्रा मात्र पुलाच्याही आधीची. दरवर्षी 24 ऑक्टोबरला भरते, आणि तिला लोक म्हणतात ‘बोर्थची जत्रा’.