पेंढाऱ्यांचें पारिपत्य आणि नागपूरचें राज्य

दहशत माजविणाऱ्या टोळ्यांचा बंदोबस्त करणें हें प्रत्येक राजसत्तेचें कर्तव्य आहे, याविषयीं दुमत नाहीं. परंतु त्या निमित्तानें निघालेलीं सैन्यें कोठें जाऊन थांबतात, हें इतिहासाला विचारिलें पाहिजे. त्यासाठीं आम्हां नागपूरकरांस दूर जावयास नको. सीताबर्डीची टेकडी डोळ्यांसमोर आहे.

पेंढाऱ्यांचे अत्याचार काल्पनिक नव्हते. १८११ सालीं त्यांनीं खुद्द नागपूरपर्यंत येऊन शहराबाहेरील वस्ती जाळली. मार्च १८१६ मध्यें गुंटूर प्रांतावर जी धाड पडली, तींत सरकारी चौकशीप्रमाणें बारा दिवसांच्या आंत ३३९ गांवें लुटलीं गेलीं, १८२ माणसें ठार व ५०५ जखमी झालीं आणि ३,६०३ जणांचा छळ झाला. पण हे लुटारू आभाळांतून पडले नव्हते. मराठी फौजांच्या मागें राहून लुटीवर गुजराण करणारे हे स्वार. त्यांस शिंदे-होळकरांचा आश्रय होता. शिवाय कंपनीच्या तैनाती फौजेमुळें देशी दरबारांच्या शिपायांची चाकरी सुटत गेली, तसतशी या टोळ्यांत भर पडली.

१८१७ सालीं गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्ज यानें सुमारें १,२०,००० फौज जमविली. उघड हेतु पेंढाऱ्यांचा नाश हा होता. पण त्याकरितां प्रत्येक दरबाराकडून वाट, मदत व वचन घेणें आलें. ५ नोव्हेंबरला शिंद्यांनीं पेंढाऱ्यांविरुद्ध करार केला; त्याच दिवशीं खडकीस पेशव्यांशीं लढाई जुंपली. कंपनीचें जूं झुगारून देण्याची इच्छा मराठी दरबारांत आधींपासूनच होती. या मोहिमेनें तिला प्रसंग आणून दिला. आप्पासाहेब भोसल्यांनीं १८१६ सालीं तैनाती फौज पतकरली होती. त्यांचें सैन्य २६ व २७ नोव्हेंबरला सीताबर्डीवर लढलें आणि हरलें. १६ डिसेंबरला नागपुरासहि त्यांचा पाडाव झाला. २१ डिसेंबरला महिदपुरास होळकरांचा.

आतां जमाखर्च पाहूं. पेंढाऱ्यांचा पुढारी करीमखान शरण आला व त्यास गोरखपूरकडे जमीन मिळाली. त्यांचा पाठीराखा अमीरखान टोंकचा नबाब झाला. चितू तेवढा रानांत वाघाच्या तोंडीं पडला. उलट, पेशवाई बुडाली. आप्पासाहेब १८१८ सालीं पदच्युत होऊन कैदेंतून निसटले आणि १८४० सालीं जोधपुरास परक्या आश्रयांत वारले. नागपूरकरांचा सागर-नर्मदा मुलूख कंपनीकडे गेला, आणि १८५४ सालीं उरलेलें राज्यहि खालसा झालें. लुटीपासून रयतेची सुटका झाली, ही जमेची बाजू आम्ही नाकारीत नाहीं. पण तिची किंमत लुटारूंहून इतरांनींच अधिक भरली.

११ सप्टेंबर २००१ रोजीं अमेरिकेंत सुमारें तीन हजार निरपराध माणसें मारलीं गेलीं. त्यावर पुकारलेलें युद्ध अफगाणिस्थानांत गेलें. २००३ सालीं, ज्या संहारक शस्त्रांचें कारण सांगितलें तीं पुढें सांपडलींच नाहींत अशा इराकांतहि शिरलें. आणि ऑगस्ट २०२१ मध्यें काबूल पुन्हां तालिबानच्या हातीं गेलें. काळ व माणसें निराळीं. तथापि मोहिमेच्या आरंभीं विचारावयाचे प्रश्न तेच आहेत. शत्रु कोण, हें कोणीं ठरवावयाचें? त्याच्या नांवानें आलेली फौज परत केव्हां जावयाची? सीताबर्डीच्या लढाईपूर्वीं हे प्रश्न विचारण्याचें सामर्थ्य नागपूरच्या दरबारांत उरलें नव्हतें. आजच्या राष्ट्रांत तें उरलें आहे किंवा नाहीं, यावरच त्यांच्या स्वातंत्र्याची परीक्षा व्हावयाची आहे, असें आम्हांस वाटतें.