सक्ती कोणावर? गंज पेठेपासून शिक्षण हक्क कायद्यापर्यंत : एक दीर्घ थ्रेड

१/
२९ सप्टेंबर २०२४ रोजी पुण्यातील दोन कामांचा शुभारंभ एकाच समारंभात झाला. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट या भुयारी मेट्रोमार्गाचे लोकार्पण झाले आणि भिडेवाड्यातील मुलींच्या शाळेच्या स्मारकाची पायाभरणी झाली. मेट्रोची चर्चा भरपूर झाली. हा थ्रेड दुसऱ्या कामामागे उभ्या असलेल्या जुन्या प्रश्नाचा आहे : देशातील प्रत्येक मुलाला शाळेत आणण्याची जबाबदारी नेमकी कोणाची?

२/
मंडई स्थानकातून बाहेर पडले की भिडेवाड्याची जागा काही मिनिटांवर आहे. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा सुरू केली ती तेथे. स्वारगेटकडून ईशान्येस चालत निघाले की गंज पेठ लागते, म्हणजे आजची महात्मा फुले पेठ. फुलेवाडा तेथेच आहे. भारताच्या शिक्षणधोरणाचा एक मोठा वाद या एवढ्याशा टापूत जन्मला.

३/
पार्श्वभूमी थोडक्यात. १८५४ च्या वुडच्या खलित्याने बहुजनांच्या शिक्षणाकडे लक्ष देण्याचे धोरण कागदावर मान्य केले होते. व्यवहारात मात्र वरच्या थरातील थोड्यांना उच्च शिक्षण द्यावे, ज्ञान तेथून आपोआप खाली झिरपेल, हीच समजूत टिकून राहिली. महाविद्यालये वाढली. खेड्यातील शाळा होत्या तेथेच राहिल्या.

४/
३ फेब्रुवारी १८८२ रोजी लॉर्ड रिपन यांच्या सरकारने सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. वुडच्या खलित्याची अंमलबजावणी कितपत झाली, हे तपासणे त्याचे काम. मुंबई इलाख्यातून काशिनाथ त्र्यंबक तेलंग त्याचे सदस्य होते. जोतीरावांनी या आयोगापुढे सविस्तर लेखी निवेदन दिले. तारीख १९ ऑक्टोबर १८८२.

५/
त्या निवेदनाचा पाया भावनेचा नाही, हिशोबाचा आहे. सरकारी तिजोरीतील महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो. मग तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर सढळ हाताने का खर्च व्हावा आणि ज्याने तो भरला त्याच्या मुलाच्या वाट्याला काय यावे? जोतीरावांनी शिक्षण हे दान म्हणून मागितले नाही. भरलेल्या कराचा परतावा म्हणून मागितले.

६/
मागण्या अगदी नेमक्या होत्या. किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत आणि त्यांना पुरेसा पगार द्यावा. अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य हेही विषय असावेत.

७/
हे सांगणारा माणूस कारभाराबाहेरचा टीकाकार नव्हता. १८७६ पासून काही वर्षे जोतीराव पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. पैसा कोठे जातो हे त्यांनी आतून पाहिले होते. मंडईच्या भव्य इमारतीवर खर्च करण्यापेक्षा तो पैसा शिक्षणावर लावावा, अशी त्यांची भूमिका होती. मंडई अर्थातच झाली. ‘रे मार्केट’ या नावाने ती उभी राहिली. आज तिला नाव आहे महात्मा फुले मंडई.

८/
हंटर आयोगाने १८८३ मध्ये अहवाल दिला. प्राथमिक शिक्षणाला अग्रक्रम द्यावा हे त्याने मान्य केले आणि शाळांची जबाबदारी नगरपालिका व लोकल बोर्डांकडे सोपवावी अशी शिफारस केली. सक्ती मात्र नाकारली गेली. परिणाम असा की काम स्थानिक संस्थांचे झाले, पण ते पेलण्याइतका पैसा त्यांच्या हाती आला नाही. पुढची शंभर वर्षे समजून घ्यायची असतील तर एवढे वाक्य ध्यानात ठेवावे.

९/
संस्थानांत चित्र वेगळे होते. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण राज्याला लागू केला. त्यात मुलीही होत्या. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला आणि मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दंड ठेवला. ‘हिंदुस्थानात हे शक्यच नाही’ या युक्तिवादाला बडोद्याने केव्हाच उत्तर दिले होते.

१०/
हाच दाखला हाती घेऊन गोपाळ कृष्ण गोखले उभे राहिले. मार्च १९१० मध्ये त्यांनी केंद्रीय कायदे मंडळात ठराव मांडला. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर तो मागे घेतला. वर्षभर वाट पाहिली. मग १६ मार्च १९११ रोजी स्वतःच प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले.

११/
आज वाचताना ते विधेयक फार मवाळ वाटते. सहा ते दहा वयाचे मुलगे, एवढाच प्रारंभीचा घास. ज्या भागात ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील तेथेच, तेही स्थानिक संस्थेने मागितले आणि सरकारने मंजुरी दिली तर. दरमहा दहा रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या पालकांना फी माफ. मुलींचा समावेश पुढे, जमेल तेव्हा.

१२/
खरा मुद्दा पैशाचा होता. गोखल्यांचा हिशोब होता : वाढीव खर्चाचे दोन भाग सरकारने उचलावे, एक भाग स्थानिक संस्थेने. म्हणजे सक्ती दुहेरी होती. पालकावर मुलाला पाठविण्याची आणि सरकारवर पैसा मोजण्याची. पहिली सक्ती सर्वांच्या नजरेत भरली. दुसरी सक्ती मात्र सरकारच्या नजरेतून सुटली नाही.

१३/
विरोधाची कारणे पाहा. शिक्षण खात्याचे सदस्य सर हारकोर्ट बटलर यांचे म्हणणे असे की लोकांतून तशी मागणी नाही, प्रांतिक सरकारे अनुकूल नाहीत, ऐच्छिक मार्गाने वाढीला अजून वाव आहे. काही भारतीय सदस्यही विरोधात गेले. नवे कर बसतील ही स्थानिक संस्थांची धास्ती होती. शेतावरचे हात शाळेत गेले तर काय, ही जमीनदारांची.

१४/
१९ मार्च १९१२. विधेयक चिकित्सा समितीकडे पाठविण्याचा प्रस्ताव ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळला गेला. सरकारी सदस्यांचे बहुमत असलेल्या सभागृहात निकाल गोखल्यांना आधीच ठाऊक होता. आपल्या पिढीने अपयशातूनच सेवा करायची आहे, यशातून सेवा करणारे पुढे येतील, अशा आशयाचे त्यांचे समारोपाचे बोलणे होते. तीन वर्षांनी, फेब्रुवारी १९१५ मध्ये ते गेले.

१५/
येथे एक तपशील सहसा निसटतो. डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात शिक्षणासाठी पन्नास लाख रुपयांची शाही देणगी जाहीर झाली होती. म्हणजे तिजोरीत खडखडाट होता असे म्हणता येत नाही. सरकारला देणगी द्यायला अडचण नव्हती, देणे लागतो हे लिहून द्यायला होती. देणगी कधीही थांबविता येते. कायद्याने लागणारे देणे थांबविता येत नाही.

१६/
विठ्ठलभाई पटेलांनी वेगळी वाट काढली. त्यांच्या प्रयत्नांतून १९१८ मध्ये मुंबई इलाख्याचा प्राथमिक शिक्षण कायदा झाला. नगरपालिकांना आपल्या हद्दीत सक्ती लागू करण्याची मुभा मिळाली. मात्र गोखल्यांनी आग्रहाने ठेवलेला सरकारचा ठरीव वाटा त्यात नव्हता. कायदा संमत झाला, पण त्याचा कणा काढून.

१७/
कण्याविना कायद्याचे काय होते ते पुण्यातच दिसले. १९२० च्या सुमारास पुणे नगरपालिकेपुढे प्रश्न आला की सक्ती मुलगे आणि मुली दोघांना एकदम करावी की आधी मुलग्यांना? पैसा अपुरा, तेव्हा आधी मुलगे, अशी लोकमान्य टिळकांच्या बाजूची भूमिका होती. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांनी मिरवणूक काढली. विठ्ठल रामजी शिंदे मुलींच्या बाजूने उभे राहिले. सभा गाजल्या, गोंधळ झाले.

१८/
या वादाकडे केवळ सनातनी विरुद्ध सुधारक असे पाहणे अपुरे आहे. पैसा खरोखरच अपुरा होता. पण पैसा अपुरा पडला की कोणाला थांबायला सांगायचे, हा निर्णय तिजोरी घेत नाही, माणसे घेतात. ज्या शहरात १८४८ साली सुरुवात मुलींपासून झाली, त्याच शहरात बहात्तर वर्षांनी मुलींना रांगेत मागे उभे राहायला सांगितले जात होते. गोखल्यांचे उदार विधेयकही या दोषातून मुक्त नव्हते.

१९/
स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद ४५ ने दहा वर्षांत, म्हणजे १९६० पर्यंत, चौदा वर्षे वयापर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले. जागा मात्र मार्गदर्शक तत्त्वांत. त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नव्हती. १९६० आले आणि गेले.

२०/
१९६४-६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूरच्या मातीतले जे. पी. नाईक. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत, ही त्या आयोगाची शिफारस. १९६८ च्या धोरणात सहा टक्के आले, १९८६ च्या धोरणात आले, २९ जुलै २०२० रोजी मंजूर झालेल्या धोरणातही आले. ज्या आकड्याचा तीनदा संकल्प करावा लागतो, तो गाठला गेला नाही हे वेगळे सांगायला नको.

२१/
२००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयोगटाचे शिक्षण मूलभूत हक्क झाला. त्यासाठीचा कायदा २००९ मध्ये संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. गोखल्यांच्या विधेयकाला तेव्हा नव्व्याण्णव वर्षे उलटली होती.

२२/
या कायद्याचे कलम ८ जरूर वाचावे. ‘सक्तीचे शिक्षण’ याची व्याख्याच तेथे उलटली आहे. शिक्षण मोफत पुरविणे, मुलाचा प्रवेश, उपस्थिती आणि शिक्षणाची पूर्तता होईल हे पाहणे, हे सरकारचे बंधन आहे. कलम १० पालकाचे कर्तव्य सांगते, पण दंड सांगत नाही. कोल्हापूरच्या कायद्यात आणि गोखल्यांच्या विधेयकात दंडाची टांगती तलवार पालकावर होती. आता शब्द तोच आहे, रोख बदलला आहे.

२३/
मग प्रश्न सुटला का? फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्के राखीव प्रवेशांतून सूट. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी हा बदल रद्द ठरविला. मूळ कायद्याला धक्का न लावता केवळ नियमाच्या एका वाक्यातून हक्क आकसता येतो, याचे हे ताजे उदाहरण.

२४/
दुसरे उदाहरण स्वारगेटहून बसने गाठता येईल. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागविले गेले, तेव्हा नमुना म्हणून पानशेत आणि तोरणमाळ येथील समूह शाळांचे दाखले दिले गेले. मोठ्या शाळेत शिक्षक, खेळगडी, साधने अधिक मिळतात, हे खरे. पण डोंगरातील वाडीवरच्या मुलीची बस चुकली तर त्या दिवशी तिची शाळाही चुकते, हेही तेवढेच खरे.

२५/
इतिहास येथे तयार उत्तर देत नाही. तपासणीचे दोन प्रश्न मात्र देतो. कोणतेही नवे शिक्षणधोरण आले की प्रथम पाहावे : यातले कोणते वाक्य सरकारला बांधते आणि कोणते फक्त आशा व्यक्त करते? दुसरे : पैसा अपुरा पडला, तर थांबायला कोणाला सांगितले जाणार आहे?

२६/
जोतीरावांनी १८८२ मध्ये नेमके हेच दोन प्रश्न विचारले होते. पैसा कोणाचा आणि तो कोणावर खर्च होतो? भिडेवाड्याच्या जागेवर स्मारक होईल, व्हायलाच हवे. पण ते बांधण्याचा खर्च एकदाच करावा लागतो. गावोगावच्या शाळांचा खर्च दरवर्षी करावा लागतो, आणि वाद आजही त्या दुसऱ्या खर्चाचाच आहे.

थ्रेड समाप्त. आपल्या गावातील किंवा पेठेतील जुन्या शाळेविषयी, तिच्या स्थापनेविषयी काही ठाऊक असल्यास खाली अवश्य लिहा.